एक चावी, दोन मशिनं

माझ्या कामाचं नाव व्हॅलिडेटर ऑपरेटर. हे बोललं की जळगावात समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मी हुबेहूब करून दाखवू शकतो, पण छापील अंकात चेहरा येत नाही, म्हणून आवाजावर भागवतो. मावशी: "म्हणजे शेवटी कॉल सेंटरच ना रे?" कटिंगवाला, कात्री कानापाशी थांबवून: "म्हणजे ते डबल करून देतात ते?" आणि एरंडोलचे एक गृहस्थ, जे त्या दिवशी माझे सासरे व्हायच्या विचारात आमच्या घरी पोहे खात होते: "नोकरी कोणाकडे?" म्हटलं, कोणाकडेच नाही. "मग पगार कोण देतं?" म्हटलं, साखळी देते. त्यांनी पोह्यांची बशी अशी हळूच खाली ठेवली की आईला तेव्हाच कळलं, हे स्थळ गेलं.

ह्या अंकाचे संपादक म्हणाले, "एकदा नीट लिहून टाक, म्हणजे आम्हालाही कळेल आणि तुझ्या आईलाही." मी सत्तावीस वर्षांचा आहे. आठवणी लिहायचं हे वय नाही, मान्य. पण आमच्या धंद्यात चार वर्षं टिकलेल्या माणसाला लोक आजोबा समजतात.

तर आधी धंदा सांगतो.

ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक पाहिलंय ना? काय ठरलं ते एकजण लिहितो, बाकीचे खाली सह्या करतात, पान पक्कं होतं. मग पुढचं पान. आता असं बुक डोळ्यांसमोर आणा की ज्याला ग्रामसेवक नाही, कपाट नाही, आणि जगभरातल्या शंभर-सव्वाशे मशिनांकडे त्याची एकेक प्रत आहे. ह्या पत्त्यावरून त्या पत्त्यावर इतकी नाणी गेली, असलं सगळं त्यात लिहितात. दर काही सेकंदांनी नवं पान. मागच्या पानाचा ठसा पुढच्या पानात असतो, त्यामुळे मधलं एखादं पान कोणी गुपचूप बदललं तर पुढची सगळी पानं बोंब मारतात. म्हणून त्याला साखळी म्हणायचं.

मग पुढचं पान लिहायचं कोणी? जुन्या पद्धतीत मशिनं एक अवघड कोडं सोडवायची शर्यत लावायची. जिंकेल तो लिहील. त्यात इतकी वीज जळायची की विचारू नका. आमची पद्धत वेगळी. ज्याला लिहायचंय त्यानं साखळीची नाणी कुलपात ठेवायची, अनामत म्हणून. मग दर पानाला चिठ्ठी निघते. ज्याची अनामत मोठी त्याची चिठ्ठी जास्त वेळा. त्यानं पान लिहायचं, बाकीच्यांनी तपासून सही करायची, आणि अनामतीच्या हिशेबात दोन तृतीयांशाच्या वर सह्या झाल्या की पान पक्कं. प्रत्येक पानामागे थोडी नवी नाणी पाडली जातात, ती हे तपासायचं काम करणाऱ्यांत, म्हणजे व्हॅलिडेटरांत, वाटली जातात. नाणं म्हणजे काही खिशात वाजणारी वस्तू नाही. पानावर ओळ लिहायची फी त्याच नाण्यात, अनामत त्याच नाण्यात, नियम बदलायचा असेल तर मतही त्याच नाण्याच्या वजनाने. बाहेर त्याचा भाव वर जातो, खाली जातो. खाली गेला की मी फोन उचलत नाही.

ज्यांच्याकडे मशीन नाही ते आपली नाणी आमच्या नावामागे उभी करतात. नाणी त्यांचीच राहतात, आम्ही ती हलवू शकत नाही, फक्त ती कुलपात बसतात. मिळकतीतला थोडा भाग आमचा, बाकी त्यांचा. काढून घ्यायची म्हटली तर तीन आठवडे थांबावं लागतं. आणि आमच्या हातून गुन्हा घडला तर आमच्याबरोबर त्यांचीही नाणी कापली जातात. ही शेवटची ओळ मी भेटेल त्या प्रत्येकाला दोनदा वाचून दाखवतो.

गुन्हे दोनच. एक, मशीन बंद पडणं. तो बारीक. थोडा दंड होतो, फार वेळ बंद राहिलं तर काही काळ बाहेर बसवतात. दुसरा, एकाच नंबरच्या पानावर दोन वेगळ्या सह्या करणं. तो मोठा. कारण एकच माणूस दोन प्रकारचं खरं सांगायला लागला तर बुकाला अर्थच राहत नाही. त्याला कुलपातल्या सगळ्या नाण्यांचा विसावा हिस्सा कापतात आणि ते नाव आयुष्यभरासाठी बाद.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नमुने. साक्रीकडून एक काका फक्त नाणं बघायला आले होते. मी त्यांना वरच्या खोलीत नेलं, मशीन दाखवलं. त्यांनी पंख्याचा आवाज ऐकला, मशीनला हात लावून बघितला, म्हणाले, "गरम शे." आणि समाधानाने गेले. दुसरे एक सफारीवाले. त्यांना आमच्या नावाने योजना काढायची होती, तू तीन माणसं आण, ती तीन आणखी तीन आणतील. मी आत गेलो आणि दाराआडून फौजदाराच्या जाड आवाजात म्हटलं, "कोण आहे रे तो योजनावाला? बसवून ठेव त्याला." जिन्यावर त्यांची चप्पल मिळाली, एकच. अजून आहे माझ्याकडे.

मशीन आहे माझ्या घरमालकांच्या वरच्या खोलीत, जळगावला. मोठ्या कंपन्यांच्या भाड्याच्या जागेत नाही ठेवलं, कारण सगळेच तिथे ठेवतात, आणि ती एक जागा झोपली की अर्धी साखळी झोपते. साखळीचा एक नकाशा आहे, कुठे कुठे मशिनं आहेत त्याचा. त्यात खान्देशात एक ठिपका आहे. तो आमचा. मे महिन्यात बाहेर रस्त्यावर डांबर चपलेला चिकटतं, तेव्हाही तो ठिपका लुकलुकत असतो. ह्याचा मला माज आहे आणि तो मी लपवत नाही.

आम्ही म्हणजे दोघं. मी आणि मेधाताई. ताई धुळ्याला कॉलेजात फिजिक्स शिकवतात. त्यांच्या लॅबचे कॉम्प्युटर दुरुस्त करायला मी जायचो, तिथून हे सुरू झालं. अर्धी अनामत त्यांची, अर्धी माझी. जादाचं मशीन त्यांच्या घरी, धुळ्याला.

आता चावीचं सांगतो. सही करायला एक गुप्त चावी लागते. चावी म्हणजे एक छोटी फाईल. ती जळगावच्या मशीनमध्ये होती, आणि तिची एक प्रत धुळ्याच्या मशीनमध्ये झोपवून ठेवली होती. जळगाव पडलंच तर धुळे उठवायचं. पण दोन्ही एकदम जागी झाली तर एकाच नावाने दोन ठिकाणाहून सह्या, म्हणजे मोठा गुन्हा. म्हणून ताईंनी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं होतं: धुळे उठवण्याआधी जळगावची पिवळी वायर कोणाच्या तरी हातात पाहिजे. लाईट नाही हे चालणार नाही. वायर हातात. पिवळी वायर म्हणजे मशीनची इंटरनेटची वायर.

आणि नाना. नाना म्हणजे घरमालक. मूळचे साक्रीकडचे, अहिराणी बोलणार. आयुष्यभर शेतातल्या पंपांच्या मोटारी बांधल्या, आणि मोटारीला ‘ऑटो’ बसवले. ज्यांनी शेती बघितली नाही त्यांच्यासाठी: शेतातली लाईट कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आमच्याकडे प्रत्येक स्टार्टरला एक डबी लावतात. लाईट आली की दोन मिनिटं थांबून ती स्वतःच मोटार चालू करते. शेतकऱ्याला विहिरीवर जावं लागत नाही. नानांनी साक्रीपासून बोदवडपर्यंत किती डब्या बसवल्या असतील ते त्यांनाही माहीत नाही. आजही कुठल्या बांधावरून जाताना स्टार्टरचा ‘खट्’ ऐकला की थांबतात आणि सांगतात, "हाऊ मना." म्हणजे, हा माझा.

माझं मशीन मी मुद्दाम असं लावलं होतं की लाईट गेली की बंद, आणि आली तरी बंदच. मी स्वतः जिना चढून, वायर बघून, बटण दाबणार. नाना हे रोज बघायचे.

माझी एक वाईट सवय इथे सांगितलीच पाहिजे. मी लोकांना फोनवर आवाज काढून फसवतो. नानांना दोनदा फसवलं. एकदा वीज बोर्डाचा साहेब होऊन, "तुमचं मीटर उलटं फिरतंय." नाना बनियनवर मीटरपाशी धावले. दुसऱ्यांदा त्यांचा मेहुणा होऊन, "आमी अकरा जन जेवाले ई राहिनू." अक्कांनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, भरताची वांगी भाजायला घेतली. ती मग मी एकट्याने संपवली, शिक्षा म्हणून.

ते उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. मी आदल्या दिवसापासून धुळ्याला होतो, जादाच्या मशीनची साफसफाई करायला. जळगावात वादळ झालं. इन्व्हर्टरने सकाळपर्यंत तग धरला आणि नऊच्या सुमाराला जळगाव गप्प झालं. ताई परीक्षेच्या ड्यूटीवर निघून गेल्या होत्या. तिथे फोन बाहेर जमा करतात. घरात मी एकटा.

नानांना फोन लावला. "नाना, लाईट आहे का?"

"लाईट? वादयमा तीन पोल पडी ग्यात. बठ्ठं बंद शे. पंखा बंद, टीव्ही बंद, तुनं मशीन बंद."

"कधीपर्यंत येईल?"

"ते बोर्डना साहेबले इचार. तू तं वळखस त्याले." टोमणा मारून झाल्यावर म्हणाले, "अरे, आनि ऐक. तुना करता एक गोष्ट करेल शे. घर उना की दखाडसू."

म्हटलं, हो हो, काय केलंय ते घरी आल्यावर बघतो. फोन ठेवला.

वायरचं मी विचारलं नाही. वही शेजारीच होती. तीन पोल पडलेत म्हणजे संध्याकाळशिवाय लाईट येत नाही, हे मला माझ्या अख्ख्या आयुष्याने शिकवलं होतं. दर पानागणिक आमची सही चुकत होती, दंडाचा काटा वर चढत होता, आणि आमच्या नावामागे उभे असलेले लोक ते आपापल्या फोनवर बघत होते. मी धुळे उठवलं. पाच मिनिटांत सह्या सुरू. काय सांगू, कॉलर ताठ झाली. एकट्याने निभावलं म्हणून स्वतःला शेवभाजी मागवली.

बाराच्या पुढे स्क्रीनवर नजर गेली. धुळ्याचा दिवा हिरवा. त्याच्या खाली जळगावचा दिवा. तोही हिरवा.

आधी वाटलं, स्क्रीन बिघडली. मग नानांची ‘गोष्ट’ आठवली, आणि हातातला घास हातातच राहिला. बोर्डाने आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आत लाईट आणली होती, आणि नानांनी माझ्या मशीनला ऑटो बसवला होता.

मशीन उठलं की लगेच सह्या करत नाही. झोपेत चुकलेली पानं आधी वाचून काढतं. तीन तासांची पानं होती. स्क्रीनवर आकडा भराभर उतरत होता. फार तर पाच-सहा मिनिटं. तो शून्यावर आला की जळगाव सही करणार, धुळे करतच होतं.

मी नानांना फोन लावला.

"नाना, वर पळा, पिवळी वायर ओढा, आत्ताच्या आत्ता!"

"कोन बोली राहिना?"

"मी योगेश! योग्या!"

"योग्या असा बोलस नही. हाई तं कोनी घाबरेल मानूस शे."

"नाना, खरंच घाबरलोय!"

"मागला दाव तू बोर्डना साहेब व्हता. त्याना आधला दाव मना साला. आज कोन शे?"

"नाना, पाया पडतो तुमच्या. वायर ओढा."

"हा, हाई नवं शे." मग फोन बाजूला धरून, आत: "ऐकं का वं, आज रडाना आवाज काढी राहिना." आतून अक्कांचं हसू ऐकू आलं. "भारी काढस रे योग्या. आते मी नही फसस."

मी ओरडलो, शिव्या दिल्या, आईची शपथ घातली. जितकं खरं बोलत गेलो तितके ते जास्त खूश. आणि ह्या सगळ्यात माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही. जे मशीन माझ्या हाताच्या अंतरावर होतं, ते बंद करायची. माझ्यापासून दोन तासांवर असलेल्या वायरच्या मागे मी लागलो होतो, आणि समोरची वायर समोर होती.

ती शेवटी दिसली. मी फोन फेकून धुळ्याची वायर उपटली. तिच्या टोकाचा प्लास्टिकचा तुकडा हातात आला.

उशीर झाला. दोन पानांचा. त्या दोन पानांवर आमच्या नावाच्या दोन-दोन सह्या पडल्या होत्या. मजकूर एकच, पण सहीत वेळही लिहिलेली असते आणि दोन मशिनांची वेळ बारीकशी वेगळी, म्हणून साखळीच्या लेखी त्या दोन वेगळ्या सह्या. कोणीतरी, कुठल्यातरी देशातल्या मशीनने, तो पुरावा पुढच्या पानावर ठेवला. त्याच्यावर बाकीच्यांच्या सह्या झाल्या. विसावा हिस्सा गेला. आमच्या नावापुढे ‘कायमचं बाद’ आलं. ह्या सगळ्याला एखादं मिनिटसुद्धा लागलं नाही.

फोन कोणाला करणार? साहेब नाही, ऑफिस नाही, ओळख लावायला जागा नाही. मी आमदाराच्या पीएचा आवाज इतका चांगला काढतो की एकदा गॅसचं सिलिंडर घरपोच आलंय. इथे ऐकायलाच कोणी नव्हतं. पुढे महिनाभराने मला ह्याचाच अभिमान वाटायला लागला, की आपण ज्या बुकावर सह्या करतो त्यानं आपल्यालाही सोडलं नाही. पण तेव्हा नाही. तेव्हा मी ताईंच्या जमिनीवर बसून तो प्लास्टिकचा तुकडा बघत होतो.

ताईंचा फोन लागत नव्हता. आमच्या मागे बहुतेक लोक परदेशातले, नावगाव माहीत नसलेले. पण एक माणूस चांगल्या ओळखीचा होता. रावेरकडचे आबा. केळीवाले. त्यांच्या बोलीत केळीची ‘केयी’ होते, ‘माझं’चं ‘मव्हं’. बंगळुरूच्या मुलाने त्यांना नाणी दिली होती, आणि आबांनी यादीतल्या एवढ्या नावांतून आमचं निवडलं होतं, कारण बाकी कोणाला समोरासमोर झापता येत नाही. स्थानिक लोकांत त्यांचीच अनामत सगळ्यात मोठी. रोज सकाळी केळीचा भाव बघून झाला की आमचं नाव बघायचे.

आबांनाच फोन लावला. आणि घाबरलो की माझं तोंड आपोआप चालायला लागतं. आबांनी फोन उचलला आणि माझ्या तोंडून एसटी स्टॅंडवरच्या बाई बाहेर पडल्या. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे—"

"हा कोनाचा आवाज हाय?"

"स्टॅंडवरच्या बाईंचा."

"तुव्हा कुठी हाय?"

मग सांगितलं. लाईट, धुळे, वायर न विचारणं, दोन पानं. मध्ये कुठेतरी नानांच्या ऑटोचं नाव येणार होतं. ते मी गिळलं.

तिकडे केळीच्या घडांची चढउतार चालली होती, मजुरांचे आवाज येत होते. "कितीक गेलं?"

"विसावा हिस्सा."

"सबन लोकायचा?"

"सगळ्यांचा."

"तुव्हाबी?"

"माझाही. ताईंचाही."

"बरं. ठेव."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ताई दुपारी आल्या. सगळं ऐकून घेतलं, पाणी प्यायल्या. "वायर कोणाच्या हातात होती?"

"ताई, नाना म्हणाले लाईट नाही."

"मी लाईटचं नाही विचारलं."

झालं. त्यापुढे त्यांनी वायरचा विषय काढला नाही, आजपर्यंत नाही.

संध्याकाळी लोकांसाठी खुलासा लिहायला बसलो. मी पहिलं वाक्य लिहिलं, ‘घरमालकाने परस्पर बसवलेल्या उपकरणामुळे’. ताईंनी वाचलं. "हे कोण बोलतंय? तूच की आवाज काढलायस कोणाचा?" मी खोडलं. लिहिलं: चावीची प्रत दोन मशिनांत ठेवली ती आम्ही. वायर न काढता दुसरं मशीन उठवलं ते मी. बंद पडलेलं मशीन बंद ठेवलं असतं तर किरकोळ दंड भरून सुटलो असतो. बंद राहायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. मग खाली ऑटोचं चित्र काढलं, नानांना दोष द्यायला नाही, दुसऱ्या कोणाच्या घरी असा प्रेमळ माणूस असेल तर सावध राहावं म्हणून. ते वाचून कोरियातल्या एका ऑपरेटरने विचारलं, ही डबी कुठे मिळते, माझ्या आजोबांच्या शेतावर लावायचीय.

हे मी नानांना नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी जळगावला पोचलो तेव्हा नव्हतं सांगता आलं. नाना जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते. ताईंनी रात्रीच फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे डबी काढून मांडीवर घेतली होती.

"मनाकडथीन चूक व्हयनी ना?"

"नाही नाना. माझी."

"तू रोज जिना चढीसन बटन दाबस. माले वाटनं, पोऱ्याना तरास वाचाडू." डबी उलटीसुलटी करत राहिले. "फोनवर तू खरं बोली राहिंता. मी हासनू."

मी शेजारी बसलो. तेव्हापासून फोनवर कोणाचा आवाज काढत नाही. समोरासमोर काढतो, लग्नात वगैरे.

कामाचं म्हणाल तर आम्ही सगळं नव्याने बांधलं. नवं नाव, नवी चावी. आणि चावी आता कुठल्याच मशीनमध्ये नाही. ती एका वेगळ्या छोट्या पेटीत आहे. जळगाव असो की धुळे, सहीसाठी पेटीकडे यायचं. पेटी शेवटच्या सही केलेल्या पानाचा नंबर लक्षात ठेवते, आणि त्याच नंबरवर कोणी दुसऱ्यांदा सही मागितली तर सरळ नाही म्हणते. माझ्यासारख्या शहाण्याने मागितली तरी. ती पेटी बसवायचा लोखंडी डबा आणि तिला लाईट गेल्यावर पुरेल असा बॅटरीचा जोड नानांनी केला. मोठ्या कंपन्यांत असली व्यवस्था विकत घेतात. आमची जळगावातल्या पिंप्राळ्याला, नानांच्या ओट्यावर, जुन्या स्टार्टरच्या पत्र्यातून झाली, आणि ती इतकी चोख आहे की तीन देशांतल्या लोकांनी तिचे फोटो मागवलेत.

पण नव्या नावामागे उभं कोण राहणार? जुन्या नावामागची सगळ्यांची नाणी सोडवायला तीन आठवडे लागणार होते. तोवर यादीत आमचं नवं नाव अगदी तळाला, त्यामागे फक्त आमच्या दोघांकडे कुलपाबाहेर राहिलेली थोडी नाणी. जागा मोजक्याच असतात, एवढ्यावर जेमतेम शेवटची मिळते. अजून एखादा नवा आमच्यापेक्षा जास्त घेऊन आला की आम्ही बाहेर, आणि नकाशावरचा खान्देशातला ठिपका गेला. ताई म्हणाल्या, "कोणाला फोन करायचा नाही. आपण कोणालाही आमच्यामागे उभे राहा असं म्हणणार नाही. खुलासा लिहिलाय. यादी सगळ्यांना दिसते."

तीन आठवडे मी जगातला सगळ्यात शहाणा मुलगा होतो. एकही सही चुकली नाही. बघायला कोणी नव्हतं.

तीन आठवडे संपले त्या दिवशी नाणी सुटली. सकाळपासून लोक आपापली उचलून दुसऱ्या नावांमागे नेताना दिसत होते. हे सगळं उघड दिसतं, तीच तर गंमत. एक गेला. दोन गेले. यादीच्या वरची मोठी नावं आणखी मोठी होत गेली. ताई कॉलेजातून दर तासाला मेसेज करायच्या, नुसतं प्रश्नचिन्ह.

दुपारी फोन वाजला. आबा.

"काय रे योगेश. मह्या मोबाईलवर ते सुटलं म्हनून आलं."

"हो आबा. तुमची नाणी मोकळी झाली. विकायची असतील तर विका, दुसऱ्या नावामागे ठेवायची असतील तर तिथे यादी आहे."

"यादी उघडेल हाय. लई नावं हायेत."

"हो."

"कोन्तं घेऊ?"

जिभेच्या टोकावर होतं. नाना समोर बसले होते, तेही हाताने खुणा करत होते, सांग, सांग. म्हटलं, "ते मी नाही सांगू शकत आबा. तुम्हीच बघा."

"नको सांगू." आबांनी बोटाने यादी सरकवायला सुरुवात केली. फोन कानाला नसून समोर धरलेला असणार, कारण ते एकेक नाव मोठ्याने वाचत होते, आणि प्रत्येक परदेशी नावाची वाट लावत होते. एरवी मी त्याची तिथल्या तिथे नक्कल केली असती. दहा नावं झाली. वीस झाली. मध्येच थांबले.

"मह्या केयीच्या गाड्या दिल्लीले जातात, ठाऊक हाय ना तुले? कधीमधी एखादी उलटते. कोन्ता ड्रायव्हर सोता फोन करतो, अन् कोन्त्याचं दुसऱ्याकून कयतं, ते मव्हं ध्यानात राह्यतं."

मी खुर्ची स्क्रीनकडे ओढली.

पुन्हा नावं. साठ. शंभर. मध्ये कोणाला तरी "थांब रे जरा, कामात हाय" म्हणाले. नाना उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. मी स्पीकर लावला.

"हे हाय का तुमचं? पार तयाले?"

"कोणतं ते तुम्ही वाचा आबा."

त्यांनी वाचलं. आमचंच होतं.

"एवढं खाली येता येता बोट दुखलं मव्हं." मग आमच्या नावावर बोट टेकवलं असणार. "हे इचारतं, खरंच का म्हनून."

"हो, ते सगळ्यांना विचारतं."

"दाबलं."

माझ्यासमोर स्क्रीनवर पुढचं पान पक्कं झालं. त्यात एक ओळ आमच्या नावाची होती, आणि यादीत आम्ही तळापासून उठून आठ नावं वर गेलो.

"झालं का?"

"झालं आबा."

"मंग ठेवतो. गाडी भरायची हाय, मजूर थांबेल हायेत."